गोचिडी किती, माकडे किती?

काजूचा हंगाम सुरू झाला की डिचोली, पेडणे आणि सत्तरीच्या डोंगरांवर माणसांची वर्दळ वाढते. बोंडू वेचणारे हात दिवसभर सुक्या पाल्यात, गवतात, झुडपांच्या बुंध्याशी फिरत असतात. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात त्याच पाल्यात गोचिडींची अर्धवाढीची पिल्ले भुकेली बसलेली असतात. त्यांचा चावा म्हणजे चार दिवसांची खाज, असे इकडे फार काळ धरून चालले होते. २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यातील पाली गावात काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांना माकडतापाने गाठले आणि ती समजूत मोडली. पुढच्याच वर्षी जानेवारीत दोडामार्ग तालुक्यातील केर गावात रुग्ण सापडले, त्यानंतर बांदा परिसरात. दोडामार्ग ओलांडले की डिचोली तालुका लागतो आणि बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की पेडणे. गोचिडींना आणि माकडांना राज्याची हद्द ठाऊक नसते.

हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५७ मध्ये, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात. तिथे माकडे मरून पडू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. विषाणू माणसाकडे येतो तो प्रामुख्याने हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीच्या गोचिडीमार्फत. लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाची वानरे या तापाने मरतात. माकड मेले की अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाल्यात पसरतात आणि तेवढा जमिनीचा तुकडा धोक्याचा होतो. मोठ्या गोचिडींना पोसण्याचे काम मात्र बहुतांशी रानात चरणारी गुरे करतात.

म्हणून या पट्ट्यात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. गुरांवर गोचिडी किती आहेत? आणि माकडांच्या टोळ्या केवढ्या आहेत? दोन्ही प्रश्नांना उत्तर म्हणून सहसा एकेक सरासरी दिली जाते. त्या सरासरीमागे काय दडते हे समजून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण फवारणी कुठे करायची, औषध कोणत्या जनावराला द्यायचे, बागायतदाराच्या नुकसानीचा अंदाज कसा बांधायचा, हे सगळे त्या आकड्यावर ठरते.

आधी गुराजवळ जाऊ. गाय बांधून, एका बाजूने कानाच्या आतून सुरुवात करायची, मग गळ्याखालची लोंबती कातडी, पुढच्या पायांची बगल, कास, शेवटी शेपटीचे मूळ. बोटांनी केस उलटे फिरवत गेले की आधी काही दिसत नाही, मग राखाडी फुगीर दाणे हाताला लागतात. सगळ्याच गोचिडी मोजायच्या म्हटले तर दिवस पुरणार नाही, कारण पिल्ले टाचणीच्या टोकाएवढी असतात. म्हणून गुरांवरच्या नेहमीच्या गोचिडींसाठी ऑस्ट्रेलियात एक पद्धत रूढ झाली: रक्त पिऊन साडेचार ते आठ मिलिमीटरपर्यंत फुगलेल्या माद्या तेवढ्या मोजायच्या, त्याही एकाच बाजूच्या, आणि आकडा दुप्पट करायचा. पाल्यातल्या भुकेल्या गोचिडींसाठी वेगळी रीत आहे. फ्लॅनेलचा फिकट रंगाचा कापडी तुकडा जमिनीवरून ठरावीक अंतर ओढत न्यायचा आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून कुपीत भरायच्या.

आता समजा, डिचोलीच्या एखाद्या वाड्यावरची दहा गुरे तपासली आणि आकडे असे आले: ०, ०, ०, १, १, २, ३, ५, ८, ८०. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण त्यांची ठेवण खरी आहे. एकूण गोचिडी १००, गुरे १०, म्हणजे सरासरी १०. वहीत ‘दर गुरामागे १० गोचिडी’ अशी नोंद होते आणि वही मिटते. पण या दहांपैकी एकाही गुरावर १० गोचिडी नाहीत. नऊ गुरांवर त्याहून कमी आहेत आणि एकावर आठपट.

परजीवींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ म्हणूनच एका आकड्यावर थांबत नाहीत. दहापैकी सात गुरांवर गोचिडी आहेत, तेव्हा प्रादुर्भाव ७० टक्के. हा आकडा गोचिडी किती पसरल्या ते सांगतो, किती साचल्या ते सांगत नाही. प्रादुर्भाव झालेल्या सातच गुरांची सरासरी काढली तर ती १४ च्या थोडी वर जाते, तिला तीव्रता म्हणतात. पण त्या सातांची रांग लावून मधला आकडा पाहिला तर तो निघतो फक्त ३. एकाच वाड्यावरची ही दहा गुरे, आणि आपल्या हातात ७० टक्के, १०, १४ आणि ३ असे चार आकडे. चारही बरोबर आहेत, प्रत्येकाचा प्रश्न तेवढा वेगळा आहे. एकूण गोचिडींचा साठा हवा असेल तर १० वापरावा. लागण झालेल्या गुराची साधारण अवस्था हवी असेल तर ३. एका ८० वाल्या गुरामुळे जो आकडा वाहवत गेला, तो १४ चा आकडा ‘नेहमीची अवस्था’ म्हणून सांगणे ही दिशाभूल ठरते.

हा असमतोल गोचिडींपुरता नाही. लंडनच्या पॅट्रिक बक्स्टन यांनी केरळातल्या कण्णूर तुरुंगातील हजारांहून अधिक कैद्यांच्या डोक्यांवरील उवांचा अभ्यास केला होता, १९३७ ते १९३९ या काळातला. निम्म्याहून अधिक डोक्यांत एकही ऊ नव्हती आणि मोजक्या डोक्यांत शेकडो होत्या. शेळ्यांच्या पोटातले कृमी घ्या, माशांच्या कल्ल्यांवरचे परजीवी घ्या, चित्र जवळपास तेच. थोडी जनावरे बहुतेक सगळा भार वाहतात. १९७१ मध्ये क्रॉफ्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तर असे मांडले की हा गोळा होण्याचा स्वभाव हीच परजीवीपणाची एक ओळख मानावी.

गणितात याला मापायला ‘ऋण द्विपद वितरण’ वापरतात. परजीवी यादृच्छिकपणे, म्हणजे कोणत्याही जनावरावर सारख्याच शक्यतेने बसत असते, तर आकड्यांचे प्रचरण, म्हणजे सरासरीभोवतीची पांगापांग मोजणारा आकडा, सरासरीएवढेच भरले असते. आपल्या दहा गुरांत सरासरी १० आहे आणि प्रचरण ६०० च्या वर. ऋण द्विपद वितरणात ‘के’ नावाचा एक अंक असतो. तो जितका लहान तितकी गर्दी मोजक्या जनावरांवर. मोठा झाला की वाटणी यादृच्छिक होत जाते. आपल्या वाड्यावरच्या गुरांचा ‘के’ साध्या सूत्राने ०.१७ च्या आसपास निघतो, म्हणजे गर्दी पराकोटीची.

असे का होते? काही गुरे पाल्यात खोलवर चरतात, काही गोठ्याजवळच फिरतात. काहींची कातडी आणि प्रतिकारशक्ती गोचिडींना टिकू देत नाही. गाभण, आजारी, म्हाताऱ्या जनावरांवर त्या जास्त साचतात. शिवाय एका मादीची हजारो अंडी एकाच जागी फुटतात, त्यामुळे पिल्लांचा अख्खा घोस ज्याच्या पायाला लागेल त्याच्यावर चढतो. परजीवींना यात फायदाही आहे. दर शेळीमागे सरासरी एक कृमी असा समसमान वाटा झाला असता तर नराला मादी कधी भेटलीच नसती. गोळा झाल्यामुळेच कमी संख्येतही त्यांचा वंश चालतो.

व्यवहारातला याचा अर्थ सरळ आहे. आपल्या दहांपैकी दोन गुरांवर १०० पैकी ८८ गोचिडी आहेत. औषध थोडे असेल आणि ती दोन गुरे ओळखता आली, तर वाड्याचा बहुतेक भार उतरतो. दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांच्या रक्तपित्या कृमींसाठी हेच केले. पापणी उलटून आतला रंग एका तक्त्याशी ताडून पाहायचा, फिकट पडलेल्या जनावरालाच औषध द्यायचे, लालबुंद असेल त्याला सोडून द्यायचे. औषध वाचते, आणि औषधाला न जुमानणारे कृमी तयार होण्याचा वेगही मंदावतो, कारण औषध न दिलेल्या जनावरांतल्या कृमींचा साधा वंश शिल्लक राहतो.

पोटातले कृमी बाहेरून दिसत नाहीत, त्यांची मोजणी शेणातून किंवा लेंड्यांतून करावी लागते. ती करायची मॅकमास्टर पद्धत १९३९ पासून जगभर वापरात आहे. ३ ग्रॅम लेंड्या ४२ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात कुस्करायच्या, गाळायच्या, आणि दोन कप्प्यांच्या काचेत भरून सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. अंडी हलकी असल्याने वर तरंगून येतात. दोन्ही कप्पे मिळून ०.३ मिलिलिटर द्रव दिसतो, म्हणून दिसलेल्या अंड्यांना ५० ने गुणले की एका ग्रॅममागची अंडी मिळतात. आता यातली खोच पाहा. काचेत एकही अंडे दिसले नाही तर आकडा येतो शून्य, एक दिसले तर थेट ५०. मधले आकडे या काचेला दिसतच नाहीत. त्यामुळे अहवालातला शून्य म्हणजे शेळी निर्मळ, असे मानता येत नाही. शिवाय पोटात कृमींची दाटी झाली की प्रत्येक मादी कमी अंडी घालू लागते, तेव्हा अंडी दुप्पट म्हणजे कृमी दुप्पट असेही समीकरण नाही.

शून्याबद्दल आणखी थोडे थांबायला हवे, कारण माकडतापाच्या पट्ट्यात शून्यावर विसंबण्याची किंमत मोठी आहे. ३० गुरे तपासली आणि एकावरही विशिष्ट जातीची गोचीड सापडली नाही. मग गावात ती नाहीच? सांख्यिकीत यासाठी एक सोपा ठोकताळा आहे: ३ ला तपासलेल्या संख्येने भागा. ३ भागिले ३० म्हणजे १० टक्के. याचा अर्थ, १० टक्क्यांपर्यंत गुरांवर ती गोचीड असूनही आपल्या ३० मध्ये एकही न येणे अगदीच अशक्य नाही. ३०० गुरे तपासून शून्य आले तर ही मर्यादा एका टक्क्यावर उतरते. तसेच ७० टक्क्यांचे. दहापैकी सात या आकड्यामागचे खरे प्रमाण ३५ टक्क्यांपासून ९३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. ही ९५ टक्के खात्रीची मर्यादा क्लॉपर आणि पिअर्सन यांनी १९३४ मध्ये दिलेल्या रीतीने निघते. दहा गुरे तपासून ‘डिचोलीत ७० टक्के, पेडण्यात ६० टक्के’ अशी तुलना छापणे म्हणजे वाचकाची फसवणूक आहे, मग ती नकळत का होईना.

गोचिडींत विषाणू किती आहे हे शोधतानाही असाच पेच येतो. एकेक गोचीड तपासणे परवडत नाही, म्हणून जातवार पन्नास-पन्नास एकत्र करून तपासतात. समजा, ५० गोचिडींचे २० गट केले आणि २ गटांत विषाणू सापडला. प्रत्येक गटात एकच गोचीड बाधित होती असे धरले तर हजारात २, म्हणजे ०.२ टक्के. इथवर ठीक. पण २० पैकी १५ गट बाधित निघाले तर? त्याच हिशेबाने १.५ टक्के येतात. मात्र एवढे गट बाधित असताना काही गटांत दोन-तीन बाधित गोचिडी असणारच. ती शक्यता धरून गणित केले की प्रमाण २.७ टक्क्यांवर जाते. साथ जोरात असते तेव्हाच साधा हिशेब सर्वांत कमी बोलतो.

आता माकडांकडे वळू. समजा, पेडण्याच्या एका भागात सहा टोळ्या आहेत: ३, ५, ८, १०, १४ आणि ५० माकडांच्या. एकूण ९०, सरासरी टोळी १५ ची. हा झाला बाहेरून पाहणाऱ्याचा आकडा. त्याने सहा टोळ्या मोजल्या आणि प्रत्येक टोळीला एक मत दिले. आता माकडाच्या जागी जाऊन पाहा. ९० पैकी ५० माकडे एकाच मोठ्या टोळीत राहतात, त्यांच्या लेखी टोळी ५० ची आहे. प्रत्येक माकडाला ‘तुझ्या टोळीत किती?’ असे विचारून त्या ९० उत्तरांची सरासरी काढली तर ती येते ३२, म्हणजे पंधराच्या दुपटीहून जास्त. सकाळच्या बसमध्ये चेंगरलेल्या प्रवाशाला सगळ्याच बसेस भरलेल्या वाटतात आणि रिकाम्या बसमधून फारसे कोणी जात नसल्याने तसे सांगणारेही कमी असतात, तसाच हा प्रकार.

या दुसऱ्या सरासरीकडे प्राणिशास्त्राचे लक्ष वेधले पीटर जार्मन यांनी, १९७४ मध्ये आफ्रिकेतल्या हरणांच्या कळपांवर लिहिताना. त्याच्या सात वर्षे आधी, १९६७ मध्ये, लॉइड यांनी जमिनीतल्या बारीक जीवांसाठी ‘सरासरी गर्दी’ची कल्पना मांडली होती. दोन्हींचे गणित जवळजवळ एकच आहे. प्रचरणाला सरासरीने भागा आणि आलेले उत्तर सरासरीत मिळवा. आपल्या टोळ्यांचे प्रचरण २५७, भागिले १५ म्हणजे १७, त्यात १५ मिळवले की ३२. हेच सूत्र दहा गुरांना लावले (प्रचरण इथे नऊऐवजी दहाने भागून काढायचे) तर एका गोचिडीच्या अनुभवाला येणारी गर्दी ६५ निघते. गाईच्या बाजूने पाहिले तर १०, गोचिडीच्या बाजूने ६५. हंगेरीतील सांख्यिकीतज्ज्ञ येनो रायत्सिगेल आणि परजीवीतज्ज्ञ लायोश रोझा यांनी हे दोन धागे एकत्र बांधले. परजीवींचा भार आणि कळपांचे आकार या दोन्हींसाठी त्यांनी मोफत संगणक प्रणाली केल्या.

त्यांनी एक इशाराही दिला आहे, तो आपल्याकडे पाळला जावा असे मला मनापासून वाटते. त्या ९० उत्तरांना ९० स्वतंत्र पुरावे मानू नका. एकाच टोळीतली ५० माकडे तेच उत्तर देणार, पुरावे खरे तर सहाच आहेत. म्हणून आकड्याची मर्यादा काढताना ब्रॅडली एफ्रॉन यांची १९७९ ची रीत वापरतात: हाती आलेल्या सहा टोळ्यांतूनच संगणकाने हजारो वेळा सहा-सहा टोळ्या पुनःपुन्हा उचलायच्या, प्रत्येक वेळी सरासरी काढायची आणि ती किती हलते ते पाहायचे. सहाच टोळ्या असतील तर ती भरपूर हलते, आणि ते दिसणे चांगले.

कोणती सरासरी कधी वापरायची? माकडामाकडांत आजार पसरण्याचा प्रश्न असेल, तर माकडाच्या अनुभवाला येणारी टोळी महत्त्वाची, कारण स्पर्श आणि शेजार तिथेच घडतो. बागायतदाराच्या कुळागरात आठवड्यातून किती वेळा धाड पडते हा प्रश्न असेल, तर टोळ्यांची संख्या आणि बाहेरून दिसणारी सरासरी कामाची. एका धाडीत किती नारळ जातील हे विचारायचे असेल तर मोठी टोळी वेगळी काढूनच पाहावे लागते. रस्त्यावरून जाता-जाता केलेल्या मोजणीत आणखी एक चूक मिसळते: ५० ची टोळी कोणाच्याही नजरेत भरते, तिघांची झाडीत हरवते. लोकांना ‘माकडे फार झाली’ असे वाटण्यात प्रत्यक्ष वाढीचा भाग किती आणि मोठ्या टोळ्याच भेटण्याचा भाग किती, हे लहान टोळ्याही कसून मोजल्याशिवाय वेगळे करता येत नाही.

हत्तींच्या बाबतीत हा सगळा खटाटोप लागत नाही. २००२ मध्ये कर्नाटकातून दोडामार्ग तालुक्यात उतरलेल्या हत्तींची संख्या मोजकीच राहिली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पेडण्यात, मोपा-तांबोसेच्या बाजूला, जो तरुण सुळेवाला शिरला त्याला तर लोक ‘ओंकार’ या नावानेच ओळखत होते. जिथे प्रत्येक जनावर नावाने ठाऊक आहे तिथे यादी पुरते, अनुमान कशाला?

पण जिथे अनुमान लागते तिथे मोजलेला प्रत्येक आकडा जपावा लागतो, आणि त्यासाठी गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांची आठवण होते. त्यांनी प्राचीन चांदीची आहत नाणी एकेक करून तराजूवर तोलली होती. नाणे जितका काळ हातोहाती फिरले तितके त्याचे वजन झिजते, म्हणून सरासरी खाली येते, आणि प्रत्येक नाणे सारखे झिजत नसल्याने वजनांची पांगापांग वाढते. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहून त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावायचा प्रयत्न केला. प्रत्येक नाण्याचे वजन लिहून ठेवले होते म्हणूनच पांगापांग मोजता आली. नुसत्या सरासरीच्या नोंदीतून ती कोणालाही परत मिळवता आली नसती.

आपल्या नोंदवह्यांत नेमके हेच निसटते. पशुवैद्य, वनरक्षक, आरोग्यसेवक उन्हातान्हात फिरून मोजतात, आणि वर पाठवताना ‘सरासरी १०’ एवढेच जाते. गुरांची दहा आकड्यांची रांग, त्यातले तीन शून्य धरून, जशीच्या तशी लिहायला एक ओळ पुरते. ती असेल तर प्रादुर्भाव, मधला आकडा, ‘के’, गर्दी, मर्यादा, सगळे नंतर कोणीही काढू शकतो. माकडांच्या बाबतीत प्रत्येक टोळीचा आकडा, दिसल्याची जागा आणि तारीख हवी. मेलेले माकड सापडले तर ते कोणत्या टोळीतले, टोळीत किती उरली आणि अंगावर गोचिडी किती होत्या, हेही. कीटकनाशकाची भुकटी त्या जागेभोवती टाकली जाते. मेलेल्या माकडावर दोन गोचिडी होत्या की दोनशे, यावर त्या पाल्यातला धोका ठरतो, आणि काजू वेचणाऱ्या बाईला पुढच्या आठवड्यात त्या वाटेने पाठवायचे की नाही, तेही.